व्हॅक्यूम पंप बदलण्याआधी तो का गेला ते बघा
गाडी आणि गॅरेज : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

पाऊस ओसरला आणि डिझेल पिकअप, छोटे ट्रक यांच्या ब्रेकबद्दल पत्रं यायला लागली. बहुतेकांचा रोख व्हॅक्यूम पंपावर आहे, म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे.

*चिरे भरून उतारावरून येताना ब्रेकचं पेडल एकदम दगड झालं. दोन्ही पाय ठेवून उभा राहिलो तेव्हा गाडी थांबली. एक मेकॅनिक म्हणतो बूस्टर गेला, दुसरा म्हणतो व्हॅक्यूम पंप. आधी काय बदलू?*
— एक वाचक, डिचोली (सहाचाकी छोटा ट्रक)

आधी काहीच बदलू नका. अर्ध्या तासाच्या तपासणीत दोघांपैकी कोण बरोबर ते कळेल. कदाचित दोघंही चुकलेले निघतील.

पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर दोष ब्रेक ऑइलच्या बाजूला असतो: हवा शिरलेली, गळती किंवा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल पुढे दाबणारा सिलिंडर). तुमचं पेडल कडक झालं, म्हणजे तेल ठीक आहे आणि बूस्टरची मदत तुटली आहे. बूस्टर म्हणजे पत्र्याचा डबा आणि त्याच्या मध्ये रबराचा पडदा. पडद्याच्या एका बाजूची हवा पंप ओढून घेतो. पेडल दाबलं की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा आत येते आणि पडद्याला ढकलते. ९ इंची बूस्टरचा पडदा साधारण ४१० चौरस सेंटिमीटर भरतो. दोन्ही बाजूंत ०.८ बारचा फरक असला तर तो ३३० किलोच्या आसपास जोर देऊ शकतो. तुमच्या पायाचा जोर २५ किलो धरला आणि पेडलच्या लिव्हरने तो चौपट झाला, तरी १०० किलोच होतो. व्हॅक्यूम गेला की हे १०० तेवढे उरतात.

आता तपासणी. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना उटी (दगड किंवा लाकडी ठोकळा) लावा.

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा पूर्ण दाबा, म्हणजे बूस्टरमधला साठा संपेल. शेवटच्या वेळी पेडल मध्यम जोराने दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली आपोआप थोडं खाली बसलं पाहिजे. जागचं हललंच नाही तर बूस्टरपर्यंत व्हॅक्यूम पोचत नाही किंवा बूस्टर तो धरत नाही.

मग इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि पेडल दाबा. पहिली दाब मऊ, दुसरी त्याहून वर, तिसरी आणखी वर लागली तर साठा टिकतो आहे. पहिलीच दाब दगड लागली तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा बूस्टर गळतो. हा व्हॉल्व्ह बूस्टरच्या तोंडाशी किंवा नळीच्या मध्ये बसवलेला असतो. काढून तोंडाने फुंकून बघा: बूस्टरकडून पंपाकडे हवा गेली पाहिजे, उलट अजिबात नाही. शर्ट धुवायला लागेल एवढं तेल त्यात असेल तर ते लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पक्का निकाल लागतो तो गेजने. बूस्टरची नळी काढून ती थेट व्हॅक्यूम गेजला जोडा. गोव्याच्या किनारपट्टीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पाऱ्याच्या जवळपास असतो. त्यातला किती ओढून घेतला ते गेज दाखवतो. पंप धडधाकट असेल तर आयडलवर काटा ६०० च्या वर जातो आणि जरा रेस दिली की ६५० ते ७०० वर स्थिरावतो. ५०० च्या खालीच रेंगाळला तर पंप, त्याचा पट्टा किंवा नळी यांपैकी एक दोषी. नळी दोषी आहे का हे बघायला गेज आखूड नव्या नळीने थेट पंपाच्या तोंडावर लावा. तिथे ६५० आणि नळीच्या टोकाला ४०० मिळाले तर पंपाचा काही गुन्हा नाही. तेलात भिजून नळीचं आतलं अस्तर सुटतं आणि ओढ लागली की पडद्यासारखं मिटतं. बाहेरून ती नळी अगदी ठणठणीत दिसते.

पंप आणि नळी दोन्ही ठीक निघाले तर टी-जॉइंट लावून गेज बूस्टरशी जोडा, व्हॅक्यूम पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा. १५ सेकंदांत काटा २५ मिलिमीटरहून जास्त उतरला तर गळती बूस्टरची किंवा व्हॉल्व्हची.

*पंप अल्टरनेटरच्या मागे बसवलेला आहे आणि तो गेल्याचं गेजवर नक्की झालं आहे. स्वतः बदलायचा आहे. क्रमाने सांगाल का?*
— एक वाचक, वाळपई (पिकअप)

या वर्गातल्या पुष्कळ गाड्यांत पंप अल्टरनेटरच्या, म्हणजे गॅरेजमध्ये अजून ज्याला डायनामो म्हणतात त्याच्या, पाठीवर असतो आणि त्याच्याच शाफ्टवर फिरतो. (काही नव्या इंजिनांत तो सिलिंडर हेडवर, कॅमशाफ्टच्या टोकाला असतो, त्याला खालचे सगळे मुद्दे लागू नाहीत.) पंपाला तीन जोडण्या असतात. बूस्टरकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी, इंजिन ऑइल आणणारी बारीक नळी आणि ते ऑइल हवेसकट परत चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत) सोडणारी बोटाएवढी जाड नळी. यांतली बारीक नळी सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि बदलताना तिच्याकडेच कोणी बघत नाही.

म्हणून पहिलं काम तिचं, बॅटरी सोडवण्याच्याही आधी. बारीक नळीचा बॅन्जो बोल्ट (आतून ऑइल जाणारा पोकळ बोल्ट) पंपाच्या बाजूने काढा, टोक प्लास्टिकच्या बाटलीत धरा, स्टॉप केबल ओढून ठेवा (किंवा स्टॉप सोलेनॉइडची वायर काढा) म्हणजे इंजिन पेट घेणार नाही, आणि दहा सेकंद स्टार्टर मारा. ऑइल धारेने यायला हवं. नुसते थेंब पडले तर नवा पंपही मरणार. नळी काढून डिझेलने धुवा, कॉम्प्रेसरच्या हवेने फुंका, बॅन्जो बोल्टचं आडवं भोक बारीक तारेने मोकळं करा.

आता बॅटरीची निगेटिव्ह सोडवा. अल्टरनेटरच्या जाड वायरवर चावी बंद असतानाही करंट असतो. पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते आणि पान्याचं तोंड वितळतं. त्यानंतर पंपाच्या भोवतीची जागा साफ करा. आपल्याकडची तांबडी माती तेलात मिसळून पंपावर थर बसतो. तो ब्रश आणि थोड्या डिझेलने काढा, पण अल्टरनेटरच्या जाळीवर फडकं बांधून. मातीचा एक खडा ऑइलच्या भोकात गेला तर सगळी मेहनत वाया.

काही गाड्यांत पंपाचे बोल्ट जागेवरच निघतात. तरी अल्टरनेटर अख्खा खाली उतरवून बाकावर घ्यावा. पट्ट्याचा ताण सैल करा, पट्टा काढा, माउंटिंगचे दोन बोल्ट काढा. वीस मिनिटं जास्त जातील, पण मागचं ऑइल सील आणि बेअरिंग डोळ्यांनी बघता येईल.

पंपाचे बोल्ट बहुतेक १० च्या पान्याचे असतात. ते काढून पंप सरळ मागे ओढा. अडकला तर लाकडी मूठ किंवा रबरी हातोडीने बाजूने हलकेच ठोका. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर ॲल्युमिनियमच्या तोंडावर ओरखडा पडतो आणि तिथून कायमचं ऑइल झिरपतं. रोटर (पंपातला फिरणारा गाभा, त्याच्यात पाती बसतात) कधी पंपाबरोबर येतो, कधी शाफ्टवरच राहतो. पाती सुटून खाली पडतात, खाली स्वच्छ कापड पसरून ठेवा. पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर सगळे तुकडे जुळवून बघा. तुकडा कमी भरला तर तो जाड नळीतून चेंबरमध्ये गेला आहे असंच धरायचं, आणि रोटरचा लोखंडी तुकडा असेल तर चेंबर उतरवून स्ट्रेनर (ऑइल गाळणारी जाळी) साफ केल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही.

आता शाफ्ट बघा. दात्यांवर पायरी पडली आहे का? शाफ्ट बोटांत धरून वर-खाली हलवा. मागच्या बेअरिंगला हाताला जाणवेल एवढा प्ले (ढिलेपणा) असेल तर बेअरिंग आत्ताच बदला. ऑइल सील तर काही झालं तरी नवीनच टाका. ते गळलं की पंपाचं ऑइल अल्टरनेटरमध्ये शिरतं, कार्बन आणि स्लिप रिंग तेलकट होतात, चार्जिंग पडतं. मग लोक अल्टरनेटर बदलतात.

नवा पंप जुन्याशेजारी ठेवून तीन गोष्टी जुळवा: दात्यांची संख्या, फिरण्याची दिशा दाखवणारा बाण आणि तिन्ही तोंडांची जागा. मग ऑइलच्या भोकातून ५ ते १० मिलिलिटर स्वच्छ इंजिन ऑइल सोडा आणि रोटर बाणाच्या दिशेने हाताने दहा-बारा वेळा फिरवा. कोरडा पंप पहिल्या अर्ध्या मिनिटातच आतली भिंत खरवडून घेतो. उलटा फिरवू नका. ओ-रिंगला बोटाने इंजिन ऑइल लावा. सिलिकॉन लावायचं नाही, का ते पुढच्या उत्तरात येईल.

बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे कसा, ६ मिलिमीटरच्या बोल्टला १० न्यूटन-मीटर पुष्कळ झाले. लांब दांड्याने जोर लावाल तर ॲल्युमिनियममधले आटे हातात येतील. बॅन्जो बोल्टला दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वायसर लागतात. दुकान बंद असेल तर जुने वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले की पुन्हा मऊ होतात, वेळ निभावते. ॲल्युमिनियमच्या वायसरला हा उपाय चालत नाही. जाड नळी पंपापासून चेंबरपर्यंत सलग उतरत गेली पाहिजे, कुठे पोट पडता कामा नये.

पट्टा चढवा, दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर दबला की ताण बरोबर. इंजिन चालू करून दोन मिनिटं आयडलवर ठेवा, रेस देऊ नका. जोडण्यांखाली कोरडा पुठ्ठा धरून बघा, मग गेज पुन्हा लावून जरा रेस दिल्यावर ६५० मिळतात का बघा, इंजिन ऑइलची पातळी भरून घ्या. १०० किलोमीटर झाल्यावर बोल्ट, क्लॅम्प आणि पट्टा परत एकदा.

*वर्षभरात दोन पंप झाले. दोन्ही नवे, डब्यातले. दुसरा तर तीन महिनेच चालला. पार्टच खराब येतात की काय?*
— एक वाचक, फोंडा

एक खराब निघू शकतो. लागोपाठ दोन निघाले तर संशय पार्टवर घ्यायचा नसतो, गाडीवर घ्यायचा असतो.

काढलेला पंप फेकला नसेल तर तोच सांगेल. आतली भिंत निळसर-काळी पडलेली आणि पात्यांची टोकं जळाल्यासारखी असतील तर ऑइल पोचत नव्हतं. इथे सिलिकॉनचा मुद्दा येतो. पंपाच्या तोंडाला किंवा बॅन्जोला झिरपतं म्हणून कोणी सिलिकॉन फासलं असेल, तर जास्तीचं आत दाबलं जाऊन त्याचा धागा सुटतो आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकात जाऊन बसतो. मीठ-मसाला घालावा तसं प्रत्येक जोडावर सिलिकॉन घालण्याची सवय पुष्कळ पंपांना भोवली आहे.

पाती मधोमध मोडली असतील आणि बूस्टरच्या नळीत ऑइल असेल तर गोष्ट उलटी आहे: ऑइल येत होतं, पण परत जात नव्हतं. जाड नळी चेमटलेली, आतून फुगलेली किंवा गाळाने भरलेली असते. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पंपात ते साठलं की पाती मोडतात. इंजिन ऑइल पातळीच्या वर भरण्याची सवय असेल तरी हेच होऊ शकतं. डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर अर्धा लिटर ‘असू दे’ म्हणून ओतू नका.

भिंतीवर एकाच बाजूला घासल्याची खूण असेल तर अल्टरनेटरचं मागचं बेअरिंग डगमगतं आहे. सगळीकडे बारीक रेघा असतील तर ऑइलच घाणेरडं आहे: बदलण्याचं अंतर लांबवलेलं, फिल्टर जुना. पंपाला वेगळं तेल नसतं, इंजिनातलं जे असेल ते तो पितो.

आणखी एक तपास, जो सहसा कोणी करत नाही. पंप बूस्टरमधून ओढलेली हवा इंजिनच्या चेंबरमध्येच सोडतो. बूस्टर किंवा नळी गळत असेल तर पंप दिवसभर बाहेरची हवा ओढून चेंबरमध्ये फुंकत राहतो आणि ब्रीदरमधून (चेंबरमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर-वाफ जोरात येते. ते बघून ‘पिस्टनच्या रिंगा गेल्या’ म्हणत इंजिन खोलायला काढणारे आहेत. इंजिन आयडलवर असताना पंपाकडची व्हॅक्यूमची नळी काढून पंपाचं तोंड रबरी बुचाने बंद करा. ब्रीदर लगेच शांत झाला तर रिंगा शाबूत आहेत, गळती व्हॅक्यूमच्या बाजूला आहे. ही चाचणी उभ्या गाडीवरच करायची, बूच लावून रस्त्यावर जायचं नाही.

*मास्टर सिलिंडरच्या टाकीतलं ब्रेक ऑइल दर आठवड्याला उतरतं. चारही चाकं कोरडी, पाइप कोरडे. पेडलही हल्ली जड झालं आहे. तेल जातं कुठे?*
— एक वाचक, पेडणे

बूस्टरमध्ये. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं की तेल बाहेर न पडता बूस्टरच्या डब्यात ओढलं जातं. मास्टर सिलिंडरचे दोन नट सोडून तो थोडा पुढे घ्या आणि मागे बोट फिरवा, ओलं लागेल. डब्याच्या खालच्या काठावरचा रंग फुगलेला किंवा सोललेला असेल तर तीच खूण आहे, कारण ब्रेक ऑइल रंग खातं.

हे प्रकरण लांबवू नका. डब्यात तेल वाढलं की व्हॅक्यूमच्या नळीवाटे ते पंपात आणि तिथून इंजिन ऑइलमध्ये जातं. ब्रेक ऑइलने इंजिनातली रबरी सीलं फुगतात, आणि इंजिन ऑइल उलट दिशेने बूस्टरमध्ये गेलं तर त्याचा पडदा फुगतो. दोन्ही तेलं एकमेकांच्या घरात पाहुणी म्हणून नकोत. मास्टर सिलिंडर किंवा त्याचं किट बदला, सिरिंजला नळी लावून डब्यातलं तेल ओढून काढा, नळी आणि व्हॉल्व्ह नवे टाका, इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. त्यानंतरही १५ सेकंदांची गळती-चाचणी पास झाली नाही तर बूस्टर बदला. डबा पेट्रोल किंवा डिझेलने धुवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, पडदा जायचाच असेल तर त्याने लवकर जाईल.

*किट टाकून जुना पंप दुरुस्त करावा की नवा घ्यावा? भंगारातला चांगला मिळतो असं म्हणतात.*
— एक वाचक, म्हापसा

भिंतीवर नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर किट चालेल: पाती, ओ-रिंग, सील, असल्यास व्हॉल्व्ह. पात्याची गोल कड बाहेर, भिंतीकडे; उलटं बसवलं तर व्हॅक्यूम भरत नाही आणि टकटक आवाज येतो. नख अडकलं तर अख्खा पंप. भंगारातला पंप उघडून न बघता घेऊ नये. उघडू देत नसेल तर तो तिथेच राहू द्या.

*भाजी आणायला बेळगावला जातो. चोर्ला घाटाच्या माथ्यावर गेज लावला तर ६०० च मिळाले, साखळीत ६७० होते. पंप गरम होऊन मार खातो का? आणि उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली तर चालतं का?*
— एक वाचक, साखळी

पंप ठीक आहे. घाटाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे आणि या उंचीपर्यंत दर १०० मीटरला हवेचा दाब साधारण ९ मिलिमीटरने उतरतो. माथ्यावर हवाच ६९० च्या आसपास असते, त्यात ६०० मिळाले म्हणजे उत्तमच. मोजमाप नेहमी एकाच ठिकाणी, गरम इंजिनवर घ्या आणि तारखेसह लिहून ठेवा.

न्यूट्रलचं उत्तर मात्र साफ नाही असं आहे. इंजिन बंद करून सोडलीत तर बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांचा साठा असतो, चौथ्या वळणावर पेडल दगड. इंजिन चालू ठेवून न्यूट्रल केलं तर पंप चालेल, पण इंजिनचा अडसर गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, आणि वर आयडलवर पंपही मंद चालतो. चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरा. पट्टा तुटल्याचा बॅटरीचा दिवा उतारावर लागला तर तो चार्जिंगचा प्रश्न समजून पुढे जाऊ नका. पंप अल्टरनेटरवर असेल तर तोही त्याच पट्ट्यावर फिरतो, थांबायला लागणारी दाब अजून शिल्लक असतानाच बाजूला घ्या.

*पंप मिळेपर्यंत पेट्रोल गाडीसारखी इनटेक मॅनिफोल्डवरून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीवरून) बूस्टरला नळी दिली तर?*
— एक वाचक, काणकोण

पेट्रोल इंजिनमध्ये थ्रॉटलची झडप हवा अडवते म्हणून तिच्यामागे व्हॅक्यूम तयार होतो. डिझेलमध्ये हवा अडवून वेग ठरवत नाहीत, डिझेल कमी-जास्त करतात. मॅनिफोल्डमध्ये कामाचा व्हॅक्यूम नसतोच आणि टर्बो असेल तर उलट दाब असतो. गाडी उभी ठेवा किंवा टो करून न्या.

*आमच्या दहाचाकी टिपरचा ब्रेक कमी लागतो. व्हॅक्यूम पंप बघून घेऊ का?*
— एक वाचक, सांगे

तुमच्या टिपरला तो नाही. त्याचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, तिथे कॉम्प्रेसर, टाक्या आणि ब्रेक चेंबर बघायचे. सुरुवात टाक्यांखालच्या ड्रेन व्हॉल्व्हपासून करा: रोज सकाळी पाणी सोडता का? आपल्या दमट हवेत आठवडाभर सोडलं नाही तर टाकीत पाणी साठतं, गंज धरतो आणि व्हॉल्व्ह अडकायला लागतात. पाण्याबरोबर काळं तेलही पडत असेल तर कॉम्प्रेसरच्या रिंगा बघून घ्या.